दोन फोटोंच्या मधली वीस वर्षं

(या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' जमतील तेवढे काढलेत, काही राहिलेत.)



आज एका फोटोबद्दल बोलायचंय. खरं तर दोन फोटो, एकमेकांना चिकटवलेले. तुम्ही ते नक्की पाहिलेत. डावीकडे उघडाबोडका तपकिरी डोंगर, अंगावर ओघळींचे ओरखडे, खाली चार-दोन कौलारू घरं. उजवीकडे तीच घरं, तोच डोंगर, पण गच्च हिरवा. खाली ओळ: 'या जोडप्याने २० वर्षांत २० लाख झाडं लावली.' आमच्या फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड वर्षातून दोनदा येतो. एकदा पर्यावरण दिनाला, आणि एकदा मावशीला आठवण होते तेव्हा.

गंमत म्हणजे हा फॉरवर्ड खोटा नाही. डोंगर खरा आहे, जंगल खरं आहे, आकडाही खरा आहे. तरी मला त्याच्याशी थोडं भांडायचंय. कारण त्या दोन फोटोंच्या मध्ये एक बारीक पांढरी रेघ आहे ना, तिच्यात सगळी गोष्ट गडप झालीय. आज त्या रेघेत शिरूया.

जागा कुठली ते आधी सांगतो. ब्राझील. पण ॲमेझॉन नाही हं. ब्राझील म्हटलं की आपल्याला एकच जंगल आठवतं. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याला धरून, समुद्रापासून आत डोंगरांपर्यंत, दुसरं एक प्रचंड जंगल होतं, अटलांटिक जंगल. 'होतं' म्हणतोय, कारण आज त्याचा दहावा-आठवा हिस्सा कसाबसा उरलाय, तोही तुकड्या-तुकड्यांत. त्याच पट्ट्यात मिनास जेराइस नावाचं राज्य आहे. नावातच खाणी आहेत, 'मिनास' म्हणजे खाणी. तिथून रिओ दोसे नावाची नदी वाहते. दोसे म्हणजे गोड. गोडी नदी म्हणा हवं तर. साडेआठशे किलोमीटरच्या आसपास लांब. तिच्या काठी आयमोरेस नावाचं छोटं शहर, आणि त्याच्या जवळ बुल्काओ नावाचं एक गुरांचं फार्म. फोटोतला डोंगर तो.

हे जंगल गेलं कसं? कोणी एक दुष्ट माणूस आला आणि तोडून गेला, असं नाही झालं. विसाव्या शतकात खोऱ्यातून रेल्वे गेली, लोखंडाचं खनिज बंदरापर्यंत न्यायला. लाकूड विकलं गेलं, कोळसा पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोकांनी गुरं आणली आणि गुरांसाठी आफ्रिकेतून आलेलं गवत पेरलं. फोटोतल्या फार्मच्या मालकाला आठ मुलं होती, सात मुली आणि एक मुलगा. मुलांच्या शिक्षणासाठी त्यानं झाडं तोडून विकली. यात तुम्ही त्याला काय म्हणणार? आपल्याकडे किती घरांत पोरांच्या फीसाठी बांधावरचा आंबा, साग, शिसव विकला गेलाय. माझ्या घरात विकला गेलाय.

पुढचं काम गुरांनी आणि पावसानं केलं. हा भाग नीट समजून घेऊ. पुढची सगळी लढाई याच्याशीच आहे.

डोंगरउतारावर झाडं असतात तेव्हा पाऊस थेट जमिनीवर आदळत नाही. पानांवर पडतो, खोडावरून उतरतो, पालापाचोळ्यात मुरतो. माती भुसभुशीत असते, मुळांनी आणि गांडुळांनी पोखरलेली, स्पंजासारखी. झाडं गेली, पाचोळा गेला, वरून गुरांचे खूर वर्षानुवर्षं त्याच वाटेवरून फिरले की ती माती ठोकून ठोकून कडक होते. आता पावसाचं पाणी आत जातच नाही. वरच्या वर धावतं. धावताना माती घेऊन जातं, आधी बोटाएवढी ओघळ, मग हातभर, मग माणूस उभा राहील एवढी घळ. आणि तिकडचा पाऊसही आपल्यासारखाच हंगामी आहे, फक्त महिने उलटे. साधारण ऑक्टोबर ते मार्च धो धो, मग कोरडं. म्हणजे जे पाणी मुरून वर्षभर झऱ्यातून झिरपायला हवं, ते चार दिवसांत नदीत, मातीसकट. डोंगर बोडका होतो, झरा आटतो आणि नदी गाळानं भरते. तीन वेगळ्या बातम्या वाटतात, पण आजार एकच.

आता तो एकुलता एक मुलगा. त्याचं नाव सेबास्तियाओ सालगादो. फोटोग्राफीत रस असेल तर तुम्ही आत्ता 'अरे!' म्हणाला असाल. नसेल तर एवढंच सांगतो की गेल्या शंभर वर्षांतल्या मोजक्या मोठ्या फोटोग्राफर्सपैकी एक. मूळचा अर्थशास्त्रज्ञ. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती, म्हणून १९६९ मध्ये बायकोबरोबर पॅरिसला गेला आणि तिथेच राहिला. तिशीच्या उंबरठ्यावर नोकरी सोडून कॅमेरा धरला. आपला एक धागाही आहे बरं का. १९९५ मध्ये त्यानं मुंबईत चर्चगेट स्टेशनवर काढलेला एक फोटो जगप्रसिद्ध आहे. दोन लोकल उभ्या आहेत आणि मधल्या फलाटावरून माणसांचा लोंढा वाहतोय, इतका की चेहरेच दिसत नाहीत, नुसता प्रवाह. तुम्ही रोज त्यातून गेला असाल.

दुष्काळ, खाणी, युद्धं, निर्वासित, असं सगळं त्यानं वर्षानुवर्षं टिपलं. १९९४ मध्ये रवांडातला नरसंहार पाहिला आणि त्यानंतर तो मोडला. शरीरानंही आणि मनानंही. डॉक्टरांनी सांगितलं, थांब, नाहीतर मरशील. हे त्यानं स्वतः अनेकदा सांगितलंय. तो आपल्या आईवडिलांच्या फार्मवर परतला, आणि तिथेही जमीन त्याच्याइतकीच संपलेली. लहानपणी जिथे अर्ध्याहून जास्त जंगल होतं तिथे जवळजवळ काहीच नाही.

इथे फॉरवर्डमध्ये एक व्यक्ती मागे पडते. लेलिया, त्याची बायको. हिचं शिक्षण वास्तुकलेचं, नवऱ्याची पुस्तकं आणि प्रदर्शनं हीच आखायची. 'इथे पुन्हा जंगल लावूया' हे तिचं म्हणणं. त्याचं नाही. १९९८ मध्ये दोघांनी इन्स्टिट्यूटो टेरा नावाची संस्था काढली. 'टेरा' म्हणजे माती, धरती. फार्म एकंदर सातशे हेक्टरच्या आसपास, आणि त्यातले सहाशेहून थोडे जास्त हेक्टर, म्हणजे साधारण दीड हजार एकर, त्यांनी कायद्यानं खासगी अभयारण्य म्हणून नोंदवले. ब्राझीलमध्ये अशी सोय आहे. मालकी तुमचीच, पण एकदा नोंद केली की ती कायमची. पुढे वारसांना वाटलं प्लॉट पाडावेत, तर नाही पाडता येत. सहसा लोक उभ्या जंगलाची अशी नोंद करतात. यांनी ओसाड डोंगराची केली. आधी अभयारण्य, नंतर अरण्य! मला हा भाग फार आवडतो, कारण झाडं लावण्याच्या आधी त्यांनी ती पन्नास वर्षांनी तोडली जाणार नाहीत याची व्यवस्था केली. आपण नेमकं उलटं करतो. रोप आज लावतो, आणि जागा कोणाची, उद्या तिथे काय होणार, हे विचारायचं राहून जातं.

मग पहिली लागवड. १९९९ संपता संपता, त्यांच्या भर पावसाळ्यात. जवळच्याच किनारी राज्यातल्या लिन्यारेस या ठिकाणच्या एका राखीव जंगलाच्या रोपवाटिकेतून लाखभर रोपं देणगी मिळाली. ते राखीव जंगल एका मोठ्या खाण कंपनीचं. या कंपनीचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. सुमारे दोन डझन कामगार घेतले. ते आफ्रिकन गवत हातानं, कुदळी आणि पहारींनी उपटलं. रोपं लावली.

आणि पहिल्याच वर्षात पाचातली तीन रोपं मेली.

पाचातली तीन! लेलियानं नंतर सांगितलं की खड्डे फार आवळ झाले होते. मुळांना जागाच नव्हती. ती कडक झालेली माती आठवा, जिच्यात पाणी शिरत नाही. तिच्यात मूळ तरी कसं शिरेल? तिनं हेही सांगितलंय की ते पाहून ती कित्येक आठवडे आजारी होती.

हे ऐकल्यावर मला आमची टेकडी आठवली. सहा वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, आम्ही मित्रांनी गावामागच्या टेकडीवर दोनशे रोपं लावली होती. बॅनर होता, टी-शर्ट होते, ड्रोन होता. मुरमाड जमीन, पहार मारली की ठिणगी उडायची, म्हणून खड्डे वीतभरच झाले. पुढच्या एप्रिलमध्ये मी एकटाच वर गेलो. मोजली. अकरा. त्यातली नऊ गिरिपुष्पाची. तो फोटो मी कुठेच टाकला नाही. जुलैचे फोटो मात्र अजून माझ्या प्रोफाइलवर आहेत.

फरक काय, तर सालगादोंनी मेलेली मोजली. कारण शोधलं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावली. दुसऱ्या वर्षीही बरीच गेली, पण कमी. त्या 'वीस लाख' आकड्याकडे आता परत बघा. सहाशे हेक्टरमध्ये वीस लाख म्हणजे साधारण दर तीन चौरस मीटरला एक रोप. ते सगळे आज वृक्ष म्हणून उभे आहेत असा त्याचा अर्थ नाही. त्यात मेलेल्यांच्या जागी लावलेली आहेत, पुन्हा मेलेली आहेत. आणि 'जोडप्याने लावली' हेही अर्धंच. जोडपं बरंचसं पॅरिसमध्ये असायचं. लावली ती तिथल्या कामगारांनी, वनतज्ज्ञांनी, शाळकरी मुलांनी. जोडप्यानं कल्पना दिली, जमीन दिली, जगभर फिरून पैसे आणले, वीस-पंचवीस वर्षं पाठ सोडली नाही. हे कमी नाहीच. पण फॉरवर्ड वाचून असं वाटतं की दोन म्हातारी माणसं रोज सकाळी झारी घेऊन निघायची.

बरं, लावलं काय? इथे खरं डोकं लागतं. अटलांटिक जंगलातला मोठा, शे-दोनशे वर्षं जगणारा वृक्ष उघड्या माळावर नेऊन लावला तर तो बहुतेक मरतो. त्याला लहानपणी सावली लागते. म्हणून सुरुवात करायची ती उन्हाला न घाबरणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या झाडांपासून. आपल्याकडे सह्याद्रीत दरड कोसळून जागा मोकळी झाली की चांदाडा कसा पहिल्यांदा येऊन बसतो, तसली झाडं. त्यांच्यात शेंगावर्गीय जाती भरपूर घ्यायच्या, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून मातीत आणतात. संपलेल्या मातीला तेच खत. ही मंडळी फार जगत नाहीत, दहा-पंधरा-वीस वर्षं. तोवर त्यांनी दोन कामं केलेली असतात. सावली पाडून गवत मारलेलं असतं, कारण ते आफ्रिकन गवत उन्हात राक्षस आहे पण सावलीत गळपटतं. आणि पानं गाळून गाळून खाली पाचोळ्याची गादी केलेली असते. मग त्या सावलीत मधल्या टप्प्यातली झाडं आणि त्यांच्याही खाली ते म्हातारे होणारे वृक्ष. कुठलं झाड कुणाच्या पायाशी लावायचं, हे सगळं आखावं लागतं.

आणि सगळी झाडं तिथलीच. एकूण २९३ जाती. एक मिनिट थांबून विचार करा की २९३ जातींचं बी कुठून आणायचं? बाजारात मिळत नाही. उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांत जायचं, कुठलं झाड कधी फळतं याच्या नोंदी ठेवायच्या, बी पिकलं की पक्ष्यांच्या आधी पोचायचं. कुठलं बी पाण्यात भिजवायचं, कुठलं घासायचं, कुठलं आठवड्याच्या आत पेरलं नाही तर मरतं, हे शिकायचं. त्यासाठी त्यांनी स्वतःची रोपवाटिका उभी केली. शेतकी शाळांतून आलेल्या तरुण मुलामुलींना वर्षभर तिथे ठेवून हे काम शिकवतात. तुमच्याच वयाची पोरं. मला जर कोणी विचारलं की या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची जागा कोणती, तर मी डोंगर नाही, रोपवाटिका म्हणेन.

प्राणी मात्र कोणी आणून सोडले नाहीत, ते आपले आले. आधी किडे, मग किड्यांमागे पक्षी, पक्ष्यांच्या विष्ठेतून न लावलेल्या झाडांचं बी. संस्थेच्या नोंदीत पक्ष्यांच्या १७२ जाती आहेत, सस्तन प्राण्यांच्या ३३, शिवाय बेडूक आणि सरपटणारे. आणि पाणी. फार्मवरचे आटलेले झरे पुन्हा वाहू लागले. पाणी मुरायला लागलं, बस्स, एवढीच जादू.

पण ते आले कुठून, हा प्रश्न विचारायला हवा. आसपासच्या डोंगरांवर कुठे कुठे जंगलाच्या चिंध्या शिल्लक होत्या, तिथून आले. त्या चिंध्याही नसत्या तर वीस काय, चाळीस लाख झाडं लावूनही डोंगर मुका राहिला असता. झाडांचा गोदाम, एवढंच. म्हणून उरलेलं जंगल तोडू द्यायचं आणि 'बदल्यात दुसरीकडे दुप्पट झाडं लावू' म्हणायचं, हा हिशेब मला कधी पटत नाही. बदल्यातलं जंगल उभं राहायला तोडलेलंच जंगल लागतं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. फॉरवर्ड इथेच संपतो. खरी गोष्ट संपत नाही.

५ नोव्हेंबर २०१५. नदीच्या वरच्या अंगाला, मारियाना शहराजवळ, लोखंडाच्या खाणीचा गाळ साठवलेलं एक धरण फुटलं. फुंदाओ त्याचं नाव. लाल चिखलाचा लोंढा खालच्या बेंतो रोद्रिगेस या गावावरून गेला. १९ माणसं गेली. मग तो चिखल रिओ दोसेत उतरला आणि सहाशेहून जास्त किलोमीटर वाहत, दोन-अडीच आठवड्यांत, अटलांटिक समुद्राला मिळाला. वाटेतले मासे मेले. काठच्या शहरांचे नळ बंद करावे लागले. आयमोरेस त्याच वाटेवर आहे. म्हणजे वर डोंगरावर सोळा वर्षं राबून ज्या नदीकडे चार झरे वळवले होते, ती नदी खाली टोमॅटो सूपसारखी लाल वाहत होती.

ते धरण सामार्को नावाच्या कंपनीचं. सामार्कोचे मालक दोन. एक बीएचपी, आणि दुसरी वाले. वाले ही ती कंपनी, जिच्या रोपवाटिकेतून पहिली लाखभर रोपं आली होती. जी पुढेही बरीच वर्षं या कामाला पैसे देत होती. तिचं जुनं पूर्ण नावच 'वाले दो रिओ दोसे', म्हणजे रिओ दोसेचं खोरं. आणि खोऱ्यातून ज्या रेल्वेनं खनिज जातं म्हणालो, त्या रेल्वेवर खनिज हिचंच.

आता काय म्हणायचं? सालगादोंवर याबद्दल टीका झाली. आधीही होत होती, नंतर जास्त झाली. माझं मत विचाराल तर मला सोपं उत्तर सापडत नाही. त्या पैशाशिवाय तो डोंगर आज बोडका असता, हे खरं वाटतं. आणि एका हातानं रोप देणाऱ्याचा दुसरा हात कुठे आहे हे विचारलंच पाहिजे, हेही खरं वाटतं. आपल्याकडे सीएसआरच्या टी-शर्टमध्ये झाडं लावायला जातो तेव्हा हा प्रश्न मनात येतो आणि नाश्ता आल्यावर जातो. माझा तरी गेलाय.

याच नदीकाठी, आयमोरेसच्या शेजारच्या भागात, क्रेनाक नावाचे आदिवासी राहतात. अटलांटिक जंगल होतं तेव्हापासूनचे. नदीला ते वातू म्हणतात, आणि ती त्यांच्यासाठी आजोबा आहे. रूपक म्हणून नाही, नात्यानं. धरण फुटल्यावर त्यांनी ती खनिजाची रेल्वे अडवली. पाणी द्या म्हणून. दोन फोटोंच्या फॉरवर्डमध्ये हे लोक कुठेच नाहीत. जंगल 'पुन्हा' आलं म्हणतो तेव्हा पूर्वीच्या जंगलात माणसंही होती, हे आपण सोयीनं विसरतो.

संस्थेनं काम थांबवलं नाही. आणि मला वाटतं त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम डोंगरावरचं नाहीच, ते खोऱ्यातलं आहे. २०१० च्या सुमारास त्यांनी झऱ्यांचा एक कार्यक्रम सुरू केला. पोर्तुगीज नावाचा अर्थ 'पाण्याचे डोळे'. झऱ्याला ते पाण्याचा डोळा म्हणतात, किती सुंदर आहे. त्यात करायचं काय? लहान शेतकऱ्याच्या रानात झरा असतो. गुरं तिथे पाणी प्यायला येतात, तुडवतात, झरा चिखलात बुजतो. तर शेतकऱ्याला खांब आणि तार द्यायची, थोडी रोपं द्यायची. कुंपण त्यानं घालायचं. गुरांना पाणी बाजूला काढून द्यायचं. बस. असे हजाराहून जास्त झरे त्यांनी वाचवलेत. खर्च कमी, जमीन शेतकऱ्याकडेच, आणि गुरंही राहतात. पण याचा आधी-नंतरचा फोटो निघत नाही ना! तारेचं कुंपण आणि आत ओली माती. कोण शेअर करणार?

आता आपल्याकडे येतो, कारण प्रश्न तुम्ही विचारणारच की आम्ही काय करू.

आपल्या राज्यात २०१७, १८, १९ या तीन वर्षांत मिळून ५० कोटी झाडांचा संकल्प झाला. चार, तेरा, मग तेहतीस कोटी. ३३ कोटींचा हॅशटॅग तुमच्यातल्या काहींनी शाळेत असताना वापरला असेल. मी त्या आकड्याची चेष्टा करत नाही, लोक मनापासून राबले. मला फक्त एवढं वाटतं की आपण खड्डे मोजतो. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर काय उरलं, याचा सोहळा नसतो.

दुसरं, ते गिरिपुष्प. उंदीरमारीही म्हणतात. मध्य अमेरिकेतलं झाड. कुठेही जगतं, पाला खताला चांगला, म्हणून टेकड्यांवर भरमसाट लावलं गेलं. टेकडी हिरवी दिसते. पण आपल्या पक्ष्यांना, फुलपाखरांना त्यात फार काही नाही. माझ्या अकरातली नऊ तीच होती ना, ती मजेत आहेत अजून.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. डाव्या फोटोतला डोंगर तपकिरी होता आणि तिथे पूर्वी जंगल होतं. पण प्रत्येक तपकिरी जागा म्हणजे मेलेलं जंगल नसतं! सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग, तिथले माळ हे मुळातच माळ आहेत. गवताळ. मे महिन्यात ते भकास दिसतात, पण तिथे लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, धाविक आहे. माळढोक होता, नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं. तो पक्षी उघड्यावर जगणारा. अशा माळावर खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे तो अधिवास मोडणं. आपलं मन हिरव्या रंगाला इतकं सरावलंय की पिवळं दिसलं की हात शिवशिवतात. म्हणून कुठेही कुदळ मारण्याआधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गुराख्याला विचारा, तुमच्या लहानपणी इथे काय होतं? तो 'गवत' म्हणाला, तर कुदळ घरी.

आणि 'जंगल' म्हणाला तरीही लगेच रोपं आणायची गरज असेलच असं नाही. सह्याद्रीच्या उतारांवर वरून सगळं गेलेलं दिसतं, पण जमिनीत जुने खुंट जिवंत असतात. दर पावसाळ्यात फुटतात. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा येतो आणि फुटवे जाळून जातो. राहिलेलं शेळ्या खातात. चार-पाच वर्षं फक्त वणवा आणि चराई थांबवली, उतारावर सलग समतल चर काढून पाणी अडवलं, तर बऱ्याच ठिकाणी अर्धं काम जमीनच करते. चराई थांबवणं म्हणजे कुणाच्या तरी शेळ्यांचं पोट, ते मात्र गावाबरोबर बसूनच ठरवावं लागतं. वरून जाऊन बोर्ड ठोकून होत नाही.

सेबास्तियाओ सालगादो २३ मे २०२५ ला पॅरिसमध्ये गेले. ८१ वर्षांचे होते. त्यांच्यावर २०१४ ची एक डॉक्युमेंटरी आहे, 'द सॉल्ट ऑफ द अर्थ', ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेली. शेवटचा भाग या डोंगराचा आहे. मधला रवांडाचा भाग बघवत नाही, आधीच सांगून ठेवतो.

आणि आमची टेकडी. दोन वर्षांपूर्वी आम्ही गावातल्या दहा-बारा जणांनी ठरवलं की रोपं नकोत, आधी वणवा थांबवू. डिसेंबरात गवत वाळायला लागलं की टेकडीच्या खालच्या अंगाला आठ-दहा फूट रुंद पट्टा साफ करायचा, जाळरेषा. पहिल्या वर्षी एका बाजूनं तरी जळलीच. गेल्या वर्षी जळली नाही. या पावसाळ्यात वर गेलो तर पळसाचे फुटवे कमरेइतके झालेत, करवंदाच्या जाळ्या पसरल्यात, आणि एका जाळीत, शेळीचं तोंड पोचणार नाही अशा जागी, धावड्याचं एक रोप उभं होतं. आम्ही लावलेलं नव्हतं.

यंदाची जाळरेषा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी काढतोय. कोणाला यायचं असेल तर मेसेज करा. विळा आणा, जुने बूट घाला, पाण्याची बाटली मोठी घ्या. रोप आणू नका.

भेटूया पुढच्या भागात.